दर मिनिटाला साठ

हृदय हे माणसाच्या भावनांचं घर आहे, प्रेम, भय, करुणा यांचा उगम तिथेच होतो, आणि जगाने कितीही यंत्रं काढली तरी त्या घराची किल्ली माणसाच्याच हाती राहणार, असं त्याचं वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत प्रामाणिक मत होतं. मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास बस जलशुद्धीकरण केंद्राच्या वळणावर आली आणि ते मत बदललं. रस्ता तिथे उखडलेला होता. बस खडखडायला लागली, खिडक्यांच्या काचा दात वाजवायला लागल्या, आणि तो मांडीवर कापडी पिशवी ठेवून समोरच्या माणसाच्या मानेवरचा तीळ बघत बसलेला असताना त्याचं हृदय अचानक पळत सुटलं. कारण काहीच नव्हतं. तिळाला त्याने आक्षेप घेतला नव्हता. कुणी त्याला हाक मारली नव्हती, कसली आठवण आली नव्हती, मनात कुठल्याच बाईमाणसाचा विचार नव्हता. त्याने मनगट धरून मोजलं तर एकशे आठ. जिना चढणाऱ्या माणसाला शोभतील इतके ठोके तो आसनावर बसल्या बसल्या घेत होता. वळण संपलं, रस्ता गुळगुळीत झाला, तसं हृदयही दम खात खात साठावर येऊन थांबलं. मग त्याच्या लक्षात आलं की हा रस्ता चार वर्षांपूर्वी, रस्ते विभागातून निवृत्त व्हायच्या आधी, त्यानेच तपासला होता आणि ‘पृष्ठभाग समाधानकारक’ असं लिहून खाली सही केली होती. खात्यात पस्तीस वर्षं काढली, पण रस्त्याची इतकी कसून तपासणी त्याच्याकडून कधी झाली नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी त्याच्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली, खांद्याच्या बाजूला, काडेपेटीपेक्षा थोडा लहान असा पेसमेकर बसवला होता. त्याआधी तो दोनदा चक्कर येऊन पडला होता, एकदा भाजीच्या गाडीवर, एकदा शेजाऱ्यांच्या साठीच्या समारंभात, नेमका भाषण चालू असताना. शेजारी अजून समजतात की तो कंटाळून पडला. त्याची स्वतःची नाडी तेव्हा छत्तीसवर आली होती. मंगळवारी तो बसने निघाला होता तो त्या यंत्राच्या तपासणीलाच. यंत्र तपासणारी मुलगी त्याच्या छातीवर एक चपटी चकती ठेवून पडद्याकडे बघत होती. त्याने तिला बसची हकिकत सांगितली, रस्त्यावरची सही मात्र वगळली.

“काका, तुमचं यंत्र हुशार आहे, पण इतकंही नाही,” ती म्हणाली. “तुम्ही हललात की त्याला कळतं. चाललात, जिना चढलात की ते ठोके वाढवतं. बस हलली की त्याला वाटतं, काका धावतायत.”

“आणि मी घाबरलो तर?”

“हलून घाबरायचं.” ती हसली. “नुसतं बसल्या जागी घाबरलात तर त्या बिचाऱ्याला काय कळणार?”

मग त्याचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं, कारण चकती काढता काढता तिने सगळं नीट समजावून सांगितलं. हृदयाच्या उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात एक इवलंसं ठिकाण असतं, ठोक्याचा हुकूम तिथून सुटतो. मेंदूकडून त्याच्यापर्यंत दोन प्रकारच्या नसा येतात, एक लगाम खेचणारी आणि दुसरी टाच मारणारी. माणूस स्वस्थ बसलेला असतो तेव्हा हृदय स्वस्थ असतं असं नाही. त्याला मोकळं सोडलं तर ते शंभराने पळेल, लगाम खेचून धरलेला असतो म्हणून सत्तरावर चालतं. धावायला लागलं की आधी लगाम सैल होतो आणि मग टाच बसते. “तुमचं ते ठिकाणच थकलंय,” ती म्हणाली. “लगाम आहे, टाच आहे, पण घोडा जागचा हलत नाही. म्हणून आम्ही बाहेरून हाकतो.” परतीच्या बसमध्ये तो हे आठवत बसला. आपण आयुष्यभर ज्याला विश्रांती म्हणत आलो ती कुणीतरी दिवसरात्र दोर धरून उभं राहण्याची मेहनत होती, आणि त्या माणसाला आपण कधी पाणीसुद्धा विचारलं नाही, असं काहीतरी त्याला वाटत राहिलं. वळण आलं. एकशे सहा. दुसऱ्या बाजूची मार्गिका जरा बरी होती.

घरी पोचला तेव्हा बायको जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. ती परिचारिका होती; बत्तीस वर्षं इस्पितळात, त्यातली शेवटची बारा नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात. तो तिला ‘सिस्टर’ म्हणत असे. ओळख झाली तेव्हा ती सिस्टर होती आणि नंतर बदलायचं राहून गेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भरल्या घरात त्याने “सिस्टर, चहा घेणार का?” असं विचारलं होतं आणि त्याच्या आत्याच्या हातातला कप पडला होता.

“काय म्हणाली ती?” तिने विचारलं.

“यंत्र ठणठणीत आहे. मालकाबद्दल काही बोलली नाही.”

“बसा. अहो, मला इथे एक गाठ लागतेय.” तिने मटाराच्या शेंगेनेच उजव्या बाजूला, काखेजवळ दाखवलं. “उद्या सुई घालून तपासायला घेणार आहेत. शुक्रवारी रिपोर्ट.” दूध नासलंय हे सांगताना तिचा जो आवाज असे तोच होता. शेंग फोडली, पाच दाणे भांड्यात पडले, सहावा खाली गडगडत गेला आणि तो वाकून टेबलाखाली तो दाणा शोधू लागला, कारण त्या क्षणी टेबलाखाली असणं बरं होतं. तिथे गुडघ्यांवर बसून त्याने मनगट धरलं. तळवे गार पडले होते. तोंडाला कोरड पडली होती. आणि या सगळ्याच्या मध्यभागी, जिथे धडधडायला हवं होतं तिथे, सरकारी घड्याळासारखं चाललं होतं: साठ. घंटा न होताच शाळा भरावी, तशी भीती येऊन बसली होती. काळजाचा ठोका चुकला असं म्हणतात. तर तीही सोय आता राहिली नव्हती, कारण चुकलाच तर यंत्र लगेच भरून काढणार होतं. तो तसाच बसून राहिला. त्याला वाटलं, कदाचित आपण घाबरलोच नसू. कदाचित हे गार तळवे वगैरे नुसता शिष्टाचार असेल, चाळीस वर्षांच्या सवयीने शरीर करतंय, आणि आत कुणी राहतच नसेल.

“मिळाला का?” वरून आवाज आला.

“मिळाला,” तो म्हणाला. दाणा त्याच्या मुठीत चेंगरला होता.

ही धडधड त्याच्या दृष्टीने साधी बाब नव्हती. त्याचा संसार तिच्यावर उभा होता. सत्ताविसाव्या वर्षी तो आपल्याच खात्याने खणलेल्या चरात पडला आणि पाय मोडून इस्पितळात आला. रोज पहाटे सहाला एक शिकाऊ सिस्टर छातीवर उलटं घड्याळ टाचलेली अशी यायची, त्याच्या तोंडात थर्मामीटर द्यायची आणि मनगट धरून खाली बघत मोजायची. पहिल्या दिवशी एकशे अठरा. दुसऱ्या दिवशी एकशे बावीस. तिने प्रामाणिकपणे तक्त्यावर लिहिलं. संध्याकाळी दुसरी, मोठी सिस्टर मोजायची तेव्हा चौऱ्याहत्तर. सकाळी चढते आणि संध्याकाळी उतरते अशी नाडी बघून मोठे डॉक्टर विचारात पडले, हाडात पू धरत असावा असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि सुया सुरू केल्या. पाच दिवस दिवसातून तीन सुया त्याने पार्श्वभागावर घेतल्या आणि चकार शब्द काढला नाही. बोललो तर पहाट बंद होईल अशी त्याला भीती होती. सहाव्या दिवशी तिने मोजलं, थांबली, परत मोजलं, एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. “तुम्हाला काहीही झालेलं नाही,” ती दबक्या आवाजात खेकसली, “आणि झालंच असेल तर त्याच्यावर या वॉर्डात औषध नाही.” त्यानंतर चौतीस वर्षांत त्याने तिला प्रेमाबद्दल एकदाही काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. कागदोपत्री नोंद होती. भांडणं झाली, ती माहेरी जाऊन बसली, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. पण अधूनमधून, जिन्याच्या वळणावर किंवा दिवे गेल्यावर, तिची बोटं सहज म्हणून त्याच्या मनगटावर यायची, तीनचार ठोके ऐकायची आणि निघून जायची. दुसऱ्या बायका नवऱ्याचे खिसे तपासतात.

पेसमेकर बसवल्यापासून मात्र ती रोज संध्याकाळी सात वाजता, स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत, पूर्ण मिनिट मोजायची आणि वहीत लिहायची. त्या मंगळवारीही तिने हात पुढे केला. त्याने दिला. “साठ,” ती म्हणाली. “छान.” त्या ‘छान’ने त्याला इतकं लागलं की त्याला रात्रीचं जेवण गेलं नाही. जिच्या अंगात गाठ निघाली त्या बाईने आपल्या नवऱ्याचं मनगट धरावं आणि तिथे काय असावं, तर साठ, पोस्टाच्या कारकुनाचे असतात तसे. तिला काय वाटलं असेल? तिने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण तिचा चेहरा धंदेवाईक होता, मरणाऱ्या माणसाला ‘आज बरे दिसता’ म्हणून सांगत आलेला.

बुधवारी तिला सुई घालून तपासायला घेतलं. परत आल्यावर ती अर्धा तास आडवी झाली आणि उठून भाजी चिरायला लागली. सातला दहा कमी असताना तो न्हाणीघरात गेला, कडी लावली, सदऱ्याची दोन बटणं काढली आणि हाडाखाली जिथे यंत्र कातडीखाली बटव्यासारखं हाताला लागत होतं तिथे दोन बोटांनी टकटक करायला लागला. आधी हळू, मग भराभर. यंत्राला वाटलं, काका धावतायत. हृदय उठलं, निघालं, वेग घेऊ लागलं. एवढा आनंद त्याला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. त्याने घाईघाईने बटणं लावली, बाहेर आला आणि मनगट पुढे केलं.

“शहाण्णव?” तिने घड्याळाकडे बघितलं. “जिना चढून आलात?”

“नाही.”

“मग?”

“असंच. तुझं ते… सुईचं मनात होतं.”

तिने वहीत लिहिलं. ‘छान’ म्हणाली नाही. त्याला तेवढ्याने भरून पावलं. गुरुवारी त्याने एकशे चारपर्यंत मजल मारली. यात लबाडी आहे हे त्याला कळत होतं, पण लबाडीचा हा प्रकार त्याच्या ओळखीचा होता. वरचे साहेब पाहणीला येणार म्हटलं की खातं पहाटे उठून तेवढाच रस्ता झाडून, पाणी मारून, खड्ड्यात भर टाकून ठेवत असे, आणि साहेब तेवढ्याच रस्त्यावरून जात. फरक इतकाच होता की इथे रस्ता खरोखर चांगला होता आणि तो दाखवायची काही सोय उरलेली नव्हती. रात्री तिच्या शेजारी पडून तो तिच्या श्वासाकडे कान देत असे आणि स्वतःला हळूच विचारत असे, घाबरलास का? आणि उत्तर येई, हो, खूप. ते उत्तर अक्षरांत येई, पत्रासारखं. पूर्वी ते पत्र कधी आलं नव्हतं. थेट माणूसच दार वाजवायला येत असे.

शुक्रवारी ते इस्पितळाच्या तपासणी विभागासमोरच्या बाकावर बसले. हे तिचं जुनं इस्पितळ नव्हतं, इथे तिला कुणी ओळखत नव्हतं. बाक लोखंडी, चार माणसांचा, त्यावर सहा बसलेले. नंबर एकेचाळीस. चालू होता सतरा. दीड तास गेला, दोन गेले, डबा आणायचा राहिला होता. तिने पिशवीतून विणकाम काढलं आणि न विणताच मांडीवर ठेवलं. पस्तीसावा नंबर पुकारला, एक तरुण बाई खिडकीशी गेली आणि परत आली ती भिंतीला हात लावत लावत. बाकावरचे सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. त्याने उजवा हात हळूच सदऱ्यात घातला आणि बोटं चालवायला लागला.

“बास करा,” ती विणकामाकडे बघत म्हणाली. “किती थापटाल? कातडी नाजूक असते तिथली.”

त्याचा हात सदऱ्यातच थिजला. “कधीपासून माहीत आहे?”

“बुधवारपासून. मोजता मोजता एकशे दहा, शहाण्णव, ऐंशी, जिना उतरल्यासारखी खाली आलेली भीती मी जन्मात पाहिली नव्हती. खरी भीती अशी उतरत नाही हो. रक्तात कालवलेली असते, तास तास राहते. आणि न्हाणीघराचं दार काही जाड नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, कडी लावून स्वतःच्या छातीवर टिचक्या मारणारा नवरा कुणाला मिळतो? मिळालाय तर राहू दे दोन दिवस.”

त्याने हात सदऱ्यातून काढला. मग खाली बघत, तक्रार नोंदवावी तसा म्हणाला, “सिस्टर, मला काही होतच नाही गं. म्हणजे होतं, पण इथे होत नाही. तू गाठीचं सांगितलंस आणि हा आपला साठ. तूही मोजलेस. छान म्हणालीस.”

“अहो, यंत्र चालतंय म्हणून छान म्हटलं.”

“तुला वाटलं असेल…”

“काय वाटलं असेल?”

चौतीस वर्षांत या विषयावर बोलायची वेळ आली नव्हती, त्यामुळे शब्दच नव्हते. तिने विणकाम पिशवीत टाकलं आणि त्याचं मनगट मांडीवर ओढून घेतलं. या खेपेला घड्याळाकडे बघितलं नाही. डोळे मिटले.

“मुलींना मी पहिल्या दिवशी सांगायचे, नाडी मोजायची घाई करू नका. किती हे कुणीही सांगेल. कशी, ते आधी बघा.” ती हळू बोलत होती, शेजारच्याला ऐकू जाऊ नये इतकं. “स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवतं. तोच माणूस धावायला लागला तर पंधरा, वीस. कसं करतं? दोन वाटा आहेत. जास्त वेळा ढकलायचं, आणि दर खेपेला जास्त ढकलायचं. पायांचे स्नायू रक्त वर दाबतात, पोटाकडचं रक्त वळवून आणलं जातं, परत येणारं रक्त वाढतं, तसं हृदय ताणलं जातं, आणि जितकं ताणलं जाईल तितकं जोराने आवळतं. आणि माणूस घाबरला की नुसतं बसल्या जागीही जोराने आवळतं. कळलं? तुमच्या त्या यंत्राकडे फक्त किती वेळा एवढंच खातं आहे. किती जोरात, हे खातं अजून तुमच्याकडेच आहे. तिकडे अजून कुणी बदली होऊन आलेलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे साठच आहेत. पण केवढे आहेत! बादल्या भरभरून ओततंय. मंगळवारीही असेच होते. तुम्ही टेबलाखालून उठलात तेव्हापासून.” तिने त्याचीच तीन बोटं उचलून त्याच्याच मनगटावर ठेवली. “मोजू नका. नुसतं बघा.”

तीन महिने तो ही नाडी मोजत होता आणि एकदाही त्याने तिच्याकडे बघितलं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. बोटांखाली काहीतरी सावकाश वर येत होतं, बोटं उचलून धरत होतं, आणि खाली ठेवत होतं. मग थांबत होतं. मग पुन्हा. घाई अजिबात नव्हती, पण प्रत्येक वेळी ते सगळं वजन घेऊन येत होतं. मोठ्या इमारतीच्या पायात खांब ठोकतात ते त्याने नोकरीत खूप पाहिलं होतं. लांब उभं राहिलं तरी तळपायाला कळतं, तसं.

“घाबरलायत तुम्ही,” ती म्हणाली. “चांगलेच.”

“हो.”

“मी पण.”

त्याने तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्याच्या मनात आलं की या बाईने आपली नाडी हजारो वेळा धरली, आणि आपण तिची एकदाही धरली नाही. “तुझे किती आहेत?”

“मोजा की. तुम्हाला कुणी अडवलंय?”

तिचं मनगट बारीक होतं, बांगडीखाली. त्याला नाडी आधी सापडलीच नाही; तिने त्याचं बोट अर्धा इंच सरकवलं. मग सापडली. पाखरू ओंजळीत धरल्यासारखी ती फडफडत होती, एकात एक ठोके, आणि वर तो शांत चेहरा. त्याने भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पकडून पूर्ण मिनिट मोजलं, ओठ हलवत, चुकायला नको म्हणून. एकशे चौदा.

“एकशे चौदा,” तो म्हणाला. “सिस्टर, ही काय मंगळवारपासून अशीच आहे?”

“असेल. माझी कोण मोजतंय?”

त्याने मनगट सोडलं नाही. अडतीस झाला, एकोणचाळीस, चाळीस. बाकावरची मंडळी कमी झाली, पण ते दोघं सहा माणसांत बसल्यासारखे चिकटूनच बसले. एकेचाळीस पुकारला तेव्हा ती एकटी खिडकीशी गेली. तो उठू लागला तर म्हणाली, बसा, मी बघते. खिडकीतल्या डॉक्टरीणबाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला. ती उभ्याउभ्याच वाचत होती, ओळीवर बोट ठेवून, आणि ते बोट खालपर्यंत गेलं, परत वर आलं, परत खाली गेलं. मग ती वळली.

“साधी आहे,” ती म्हणाली. “चरबीची गाठ. काही करायचं नाही. सहा महिन्यांनी दाखवा म्हणाल्या.”

तो ताडकन उभा राहिला. तीन तास बसल्याने त्याचं रक्त पायांत उतरलेलं होतं. धडधाकट हृदयाने दोनतीन ठोक्यांत वेग वाढवून ते डोक्यापर्यंत पोचवलं असतं; पण यंत्राच्या हिशेबाने एक माणूस बाकावरून उठला होता, आणि त्यात धावण्यासारखं काही नव्हतं. त्याला ती दिसली, हातात कागद, तोंडावर न आवरणारं हसू, मग तिच्या कडेने सगळं करडं होत आलं आणि त्याचे गुडघे दुमडले. तिने कागद सोडला आणि त्याच्या काखेत खांदा दिला. “पाय वर करा त्यांचे!” ती ओरडली, आणि तिच्या आवाजातल्या अधिकाराने तीन अनोळखी माणसं एकदम वाकली.

दोन मिनिटांत तो शुद्धीवर आला. चाकाची खुर्ची आली. तिने ‘मी चालते सोबत, तुम्ही ढकला’ म्हणून मदतनिसाला खुर्चीमागे लावलं आणि स्वतः त्याचा हात धरून बाजूने चालत राहिली. खालच्या मजल्यावरच्या टेबलाशी एका माणसाने मान वर न करता नोंदवही ओढली. रुग्णाच्या रकान्यात त्याने याला घातलं, ‘सोबत कोण’ या रकान्यात तिला. ‘तक्रार’ या रकान्याशी आल्यावर काय झालं म्हणून विचारलं, आणि ती म्हणाली, “काही नाही, उभे राहिले.” त्याने तसंच लिहिलं: उभे राहिले. निरीक्षणासाठी अर्धा तास, खाट क्रमांक नऊ.